नव्या सायकलचे शिफ्टर आणि डिस्क ब्रेक बदलायचेत? पैसे खर्च करण्याआधी हे समजून घ्या

सकाळी सहा वाजता जळगावच्या मेहरूण तलावाच्या रस्त्यावर किंवा धुळ्याहून लळिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं, की गिअरच्या सायकली जाताना दिसतात. कुणी डॉक्टर असतो, कुणी कॉलेजचा पोरगा, कुणी नुकताच रिटायर झालेला शिक्षक. यातल्या बऱ्याच जणांची सायकल नवी असते. २१ गिअर, पुढे-मागे डिस्क ब्रेक, जाड टायर, एकदम झकास.

पहिले आठ दिवस मजेत जातात. मग गिअर टाकला की चेन खडखड करते, ब्रेक दाबला की किंचाळतो, उतारावर सायकल लवकर थांबत नाही. मित्र सांगतो, "कंपनीचे पार्ट फालतू असतात, बदलून टाक." मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले जातात, ऑनलाइन शिफ्टर आणि हायड्रॉलिक ब्रेकचा सेट मागवला जातो. खोकं घेऊन दुकानात गेल्यावर मेकॅनिक सांगतो, "भाऊ, हे याला बसत नाही."

असं का होतं? शिफ्टर आणि ब्रेक हे मोबाईलच्या कव्हरसारखे वरून चढवायचे पार्ट नाहीत. शिफ्टरचं नातं मागच्या चकत्यांशी असतं, ब्रेकचं नातं फ्रेम आणि हबशी असतं आणि बऱ्याच सायकलींमध्ये या दोघांचं एकमेकांशीही नातं असतं. हे नातं कळलं, की काय बदलायचं, काय नुसतं जुळवून घ्यायचं आणि कशाला हातच लावायचा नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

पहिला प्रश्न : पार्ट खराब आहे, की सेटिंग बिघडलंय?

नवी सायकल महिनाभर चालवली की गिअरची वायर थोडी सैल पडते. वायरची दोन्ही टोकं आणि बाहेरचं आवरण आपापल्या जागी बसतात, त्यामुळे वायरचा ताण कमी होतो. ताण कमी झाला की शिफ्टरने एक क्लिक दिला तरी मागचा डिरेलर पूर्ण सरकत नाही. चेन दोन चकत्यांच्या मध्ये अडकते आणि खडखडते. शिफ्टर ठणठणीत असतो, फक्त वायर ताणायची असते.

त्यासाठी वायर जिथे शिफ्टरमध्ये किंवा डिरेलरमध्ये शिरते, तिथे हाताने फिरवायची एक गोल नळी असते. तिला बॅरल ॲडजस्टर म्हणतात. चेन मोठ्या चकतीकडे जायला कुरकुर करत असेल, तर हा ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि दर वेळी पॅडल मारून बघा. छोट्या चकतीकडे जायला कुरकुर करत असेल, तर उलट करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरीही चेन नीट जात नसेल, तर डिरेलर ज्या छोट्या धातूच्या पट्टीवर लटकतो ती पट्टी वाकलेली आहे का ते मागून बघा. तिला हँगर म्हणतात. सायकल खोक्यातून आलेली असेल किंवा एकदा उजव्या बाजूला पडलेली असेल, तर हँगर वाकलेला असू शकतो. हँगर वाकडा असताना कितीही महाग शिफ्टर लावला तरी गिअर जुळत नाही.

ब्रेकचंही तसंच आहे. नव्या डिस्क ब्रेकचे पॅड घासून बसलेले नसतात, म्हणून सुरुवातीला पकड कमी वाटते. कॅलिपर किंचित तिरपा बसला असेल, तर डिस्क घासते आणि आवाज येतो. दोन्हींवर इलाज आहे, तो पुढे सांगितला आहे. बहुतेक दुकानं पहिली सर्व्हिस मोफत देतात. ती करून घेतल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका.

शिफ्टर नेमकं काय करतो?

शिफ्टरचं काम एकच : वायर मोजून ओढायची. एका क्लिकला ठरावीक लांबीची वायर ओढली जाते, डिरेलर ठरावीक अंतर सरकतो आणि चेन शेजारच्या चकतीवर जाते. शिमानोने १९८४ मध्ये क्लिकवर चालणारी ही पद्धत बाजारात रुजवली. त्याआधी बहुतेक सायकलींवर चालवणाऱ्याला दांडी अंदाजाने सरकवून गिअर शोधावा लागायचा.

आता अडचण इथे आहे. ७ स्पीडच्या मागच्या संचात दोन चकत्यांमधलं अंतर साधारण ५ मिलिमीटर असतं. ८ स्पीडमध्ये ते ४.८ आणि ९ स्पीडमध्ये ४.३५ च्या आसपास असतं. म्हणून शिफ्टर आणि चकत्या एकाच स्पीडच्या लागतात.

"७ ला ८ चा शिफ्टर लावला तर काय बिघडतं? फरक तर फक्त ०.२ मिलिमीटरचा आहे," असं वाटू शकतं. पण ७ चकत्यांवर ६ वेळा क्लिक करावा लागतो. ०.२ गुणिले ६ म्हणजे १.२ मिलिमीटर. मधले गिअर जुळवले की टोकाचे खडखडतात, टोकाचे जुळवले की मधले. सायकल चालते, पण डोकं उठतं.

कोणता शिफ्टर कशाला चालतो?

आधी मागच्या चाकाच्या चकत्या मोजा. पुढे ३ आणि मागे ७ असतील तर दुकानदार २१ गिअर म्हणतो. ३ आणि ८ असतील तर २४, ३ आणि ९ असतील तर २७. मग हे लक्षात ठेवा :

– शिमानोच्या ७, ८ आणि ९ स्पीडच्या डिरेलरमध्ये वायर आणि डिरेलरचं प्रमाण एकच आहे. वायर १ मिलिमीटर ओढली की डिरेलर साधारण १.७ मिलिमीटर सरकतो. म्हणून या गटात डिरेलर तोच ठेवून शिफ्टर बदलणं सोपं जातं. शिफ्टर मात्र चकत्यांच्या संख्येचाच हवा.

– शिमानोच्या १० स्पीड माउंटन बाइक गटात हे प्रमाण बदललं, ते साधारण १.२ झालं. त्यामुळे ९ स्पीडच्या डिरेलरला १० स्पीडचा माउंटन शिफ्टर चालत नाही.

– श्रॅम कंपनीचं प्रमाण बहुतेक ठिकाणी वेगळं आहे. शिमानोचा डिरेलर आणि श्रॅमचा शिफ्टर अशी जोडी सरसकट जमत नाही. मायक्रोशिफ्टसारख्या कंपन्यांचे काही शिफ्टर शिमानोशी जुळतात. खोक्यावर तसं लिहिलेलं आहे का ते बघूनच घ्या.

– पुढचा आणि मागचा शिफ्टर स्वतंत्र असतात. मागचा एकटा खराब झाला असेल, तर फक्त उजवा बदलता येतो.

अंगठ्याने दाबायचा, मूठ फिरवायचा आणि दांडी सरकवायचा असे शिफ्टरचे प्रकार आहेत. मूठ फिरवायचा शिफ्टर काढून अंगठ्याचा लावणं हा नव्या सायकलवरचा सगळ्यात समाधान देणारा बदल ठरू शकतो. खड्ड्यात हात दचकला तरी गिअर आपोआप पडत नाही. फक्त एक गोष्ट आधी बघा. मूठ फिरवायच्या शिफ्टरसोबत ग्रिप आखूड असते, त्यामुळे तो काढल्यावर पूर्ण लांबीची नवी ग्रिप घ्यावी लागते.

२१ चे २४ किंवा २७ करायचेत?

इथे खर्च वाढतो. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या ७ स्पीड सायकलींच्या मागच्या हबवर बहुतेक वेळा फ्रीव्हील असतं. ते आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं. ८ स्पीड आणि त्यापुढच्या सायकलींवर बहुतेक कॅसेट असते. ती खाचांच्या नळीवर सरकवून बसते आणि त्यासाठी हबच वेगळा लागतो. फ्रीव्हीलच्या हबवर कॅसेट चढत नाही. म्हणजे नवा हब, स्पोक पुन्हा विणणं किंवा पूर्ण नवं चाक आलं. ९ स्पीडला चेनही अरुंद लागते. शिफ्टर, कॅसेट, चेन, चाक आणि मजुरी हा सगळा हिशोब केला, तर बऱ्याचदा सुरुवातीलाच वरचं मॉडेल घेणं परवडलं असतं असं लक्षात येतं. सायकल अजून घेतली नसेल, तर हा हिशोब आजच करा.

खरा सापळा : शिफ्टर आणि ब्रेक एकाच तुकड्यात

आता हँडलकडे नीट बघा. गिअरचं बटण आणि ब्रेकची लिव्हर एकाच क्लॅम्पवर, एकाच तुकड्यात आहेत का? शिमानोच्या ईझी-फायर प्रकारात आणि तशाच इतर शिफ्टरमध्ये असं असतं. २१ गिअरच्या पुष्कळ सायकलींवर हेच दिसतं.

अशा सायकलला तेलाचा ब्रेक लावायचा ठरवला, तर त्याची लिव्हर वेगळी येते, कारण तेलाची टाकी लिव्हरमध्येच असते. जुनी लिव्हर काढायची म्हटलं की तिच्यासोबत शिफ्टरही जातो. म्हणजे ब्रेक बदलायला निघालात आणि दोन्ही शिफ्टरही विकत घ्यावे लागले. दुकानात खोकं घेऊन गेल्यावर होणारा घोळ बहुतेक वेळा हाच असतो.

यातून तीन वाटा निघतात :

१. ब्रेक आणि शिफ्टर दोन्ही एकदमच बदला. सुटे शिफ्टर घ्या, म्हणजे पुढे एक बिघडला तर दुसरा काढावा लागत नाही.

२. लिव्हर तशीच ठेवून फक्त चांगला वायरचा कॅलिपर आणि नवे पॅड लावा.

३. वायरवर चालणारा तेलाचा कॅलिपर लावा. यात लिव्हर आणि वायर जुनीच राहते, तेल फक्त चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये असतं. दोन्ही पॅड एकसारखे सरकतात. पूर्ण हायड्रॉलिकइतका हलका तो चालत नाही, पण शिफ्टरला हात लावावा लागत नाही.

वायरचा कॅलिपर घेताना एक खात्री करा. सरळ हँडलची लिव्हर वायर जास्त ओढते, रेसिंग सायकलच्या वाकड्या हँडलची बहुतेक लिव्हर कमी ओढते. कॅलिपर दोन्हींसाठी वेगवेगळे येतात. चुकीची जोडी केली तर एक तर लिव्हर हँडलला टेकते, नाहीतर ब्रेक दगडासारखा लागतो.

वायरचा डिस्क ब्रेक आणि तेलाचा डिस्क ब्रेक

वायरच्या ब्रेकमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलून समोरच्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजला की स्क्रू फिरवून तो पुढे घ्यावा लागतो. काम सोपं, पार्ट स्वस्त आणि वायर पारोळा, साक्रीच्या साध्या दुकानातही मिळते. लांबच्या प्रवासात हा मोठा फायदा आहे.

तेलाच्या ब्रेकमध्ये दोन्ही बाजूंचे पिस्टन एकदम पुढे येतात. एका बोटाने दाबला तरी पकड मिळते आणि पॅड झिजतील तसे पिस्टन आपोआप पुढे सरकतात. पण नळीत हवा शिरली तर लिव्हर स्पंजासारखी लागते आणि तेल बदलून हवा काढावी लागते. हे काम येणारा मेकॅनिक आपल्या गावात आहे का, हे ब्रेक मागवण्याआधी विचारा.

तेलाचे दोन प्रकार आहेत आणि ते कधीही एकमेकांत मिसळायचे नाहीत. शिमानो आणि टेक्ट्रो मिनरल ऑइल वापरतात. श्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट तेल असतं, म्हणजे मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये असतं त्या जातीचं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये बाइकचं ब्रेक ऑइल घातलं, तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. गॅरेजमध्ये "हेच चालेल" म्हणून कुणी बाटली उघडली, तर तिथेच थांबवा.

फ्रेमला डिस्कची जागा आहे का?

सायकलला आधीपासून डिस्क ब्रेक असेल, तर अर्धी लढाई जिंकली. मग फक्त तीन गोष्टी बघायच्या :

– कॅलिपर कसा बसतो? दोन प्रकार जास्त दिसतात. आयएस प्रकारात बोल्ट आडवे, म्हणजे चाकाच्या धुऱ्याच्या दिशेत जातात आणि भोकांमधलं अंतर ५१ मिलिमीटर असतं. पोस्ट माउंटमध्ये बोल्ट फ्रेमच्या दिशेत जातात आणि अंतर ७४ मिलिमीटर असतं. प्रकार वेगळे असले तर मध्ये अडॅप्टर लागतो.

– डिस्क हबला कशी बसते? ६ बोल्टची असेल तर टी-२५ आकाराची चावी लागते. दुसरा प्रकार सेंटरलॉक, तो एका मोठ्या रिंगने आवळतात.

– डिस्क किती मोठी? १६० मिलिमीटर सगळ्यात जास्त दिसते. १८० ची लावली तर तेवढ्याच दाबाला साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो. पण फोर्क तेवढ्या डिस्कसाठी बनलेला हवा.

काही डिस्कवर "फक्त रेझिन पॅड" अशा अर्थाची सूचना कोरलेली असते. तिथे धातूचे पॅड लावू नका, डिस्क भराभर झिजते.

आणि सायकलला साधे रबराचे व्ही-ब्रेक असतील तर? फ्रेमला आणि फोर्कला डिस्कची जागा नसेल, तर डिस्क ब्रेकचा विचार सोडून द्या. "वेल्डिंग करून पट्टी मारून देतो" असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. डिस्क ब्रेक दाबला की सगळा जोर फोर्कच्या खालच्या टोकाजवळ येतो. साध्या फोर्कची नळी त्या जोरासाठी बनलेली नसते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती आणखी कमजोर होते. फोर्क तुटला तर माणूस तोंडावर पडतो. त्यापेक्षा चांगले रबर, नवी वायर आणि स्वच्छ रिम यांवर व्ही-ब्रेकही उत्तम थांबतो.

घाटाचं गणित

तापीच्या खोऱ्यातली रोजची सायकल बहुतेक सपाटीवर चालते. जळगाव ते एरंडोल किंवा धुळे ते सोनगीर अशा रस्त्यांवर नीट जुळवलेला वायरचा डिस्क ब्रेक पुरतो. पण खान्देशच्या कडेला घाट आहेत. फर्दापूरजवळचा अजिंठ्याचा घाट, चाळीसगावहून कन्नडला चढणारा औट्रम घाट, सुरतेच्या रस्त्यावरचा कोंडाईबारी आणि सातपुड्यात पाल, तोरणमाळ. सुट्टीच्या दिवशी सायकलवाले तिकडेच वळतात.

समजा, तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ९० किलो आहे आणि तुम्ही २०० मीटर उंचीवरून खाली उतरताय. यातून मोकळी होणारी ऊर्जा सुमारे १७६ किलोज्यूल भरते. तेवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येतं. काही ऊर्जा वाऱ्यात जाते. पण हळू उतरलात तर वारा कमी काम करतो आणि बहुतेक उष्णता दोन पातळ डिस्क आणि चार पॅड यांनाच सोसावी लागते.

म्हणून घाटात ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग उतरवा, मग सोडा. डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. लिव्हर हँडलच्या जवळ येऊ लागली, जळका वास आला किंवा पकड कमी वाटली, तर बाजूला थांबा. डिस्कला लगेच बोट लावू नका, चटका बसतो.

यातून खर्चाचा क्रमही ठरतो. घाटात जाणार असाल, तर पैसा आधी ब्रेकवर, मग शिफ्टरवर. गिअर पडला नाही तर सायकल ढकलत नेता येते. ब्रेक लागला नाही तर काय होईल, ते सांगायला नको.

उजवा हात की डावा हात?

हा मुद्दा व्हिडिओत क्वचितच सांगतात. मोटरसायकलला उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. आपला हात त्यालाच सरावलेला असतो. अमेरिकेसारख्या बाजारांसाठी बनलेल्या ब्रेकच्या सेटमध्ये उलटं असतं : डावी लिव्हर पुढच्या चाकाची, उजवी मागच्या चाकाची. तेलाचा सेट नळ्या जोडूनच येतो, त्यामुळे लांब नळी नेमकी नको त्या बाजूला येते. मग नळी काढून दुसऱ्या लिव्हरला जोडा, तेल भरा, हवा काढा. मागवतानाच उजवी लिव्हर पुढच्या चाकाची आहे ना, हे विचारा. अडचणीच्या क्षणी माणूस विचार करत नाही, हात सवयीने दाबतो. चुकून नुसता पुढचा ब्रेक करकचून लागला तर मागचं चाक उचलतं.

वायर सारखी दिसते, पण सारखी नसते

ब्रेकची आतली वायर साधारण १.५ ते १.६ मिलिमीटर जाड असते, गिअरची १.१ ते १.२. बाहेरच्या आवरणातही फरक आहे. ब्रेकच्या आवरणात पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती जोर सहन करते. गिअरच्या नेहमीच्या आवरणात तारा सरळ, लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे क्लिक नेमका पोहोचतो. ब्रेकला हे गिअरचं आवरण लावलं, तर जोरात दाबल्यावर ते फाटू शकतं आणि ब्रेक तिथेच जातो. दुकानात घाईत असं होऊ शकतं, म्हणून स्वतः बघा.

घरी करता येईल असं काम

४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, टी-२५ चावी आणि वायर कापायचा चांगला कटर एवढं असलं की वायरच्या ब्रेकचं आणि शिफ्टरचं काम घरी होतं.

डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा, त्याच स्थितीत दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा. चाक फिरवून बघा. हा उपाय तेलाच्या ब्रेकला लगेच लागू पडतो. एकच पॅड हलणाऱ्या वायरच्या ब्रेकला आधी स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणा.

शिफ्टर बदलताना आधी चेन सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, मग वायर सोडा. नवा शिफ्टर बसवा, तोही सगळ्यात सैल क्लिकवर ठेवा, वायर ओढून डिरेलरला आवळा आणि मग बॅरल ॲडजस्टरने जुळवा. डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू चेनची हद्द ठरवतात. ते कारण नसताना फिरवू नका. मोठ्या चकतीकडचा स्क्रू जास्त सैल झाला, तर चेन आणि डिरेलर स्पोकमध्ये जातात.

बोल्ट आवळताना ताकद दाखवू नका. शिमानो कॅलिपरच्या बोल्टला ६ ते ८ न्यूटन-मीटर आणि डिस्कच्या ६ बोल्टना २ ते ४ न्यूटन-मीटर एवढाच जोर सांगते. मेकॅनिककडे टॉर्क रेंच असेल तर तोच वापरायला सांगा.

चाक फिरत असताना डिस्कजवळ बोट नेऊ नका. तेलाचा ब्रेक असेल आणि बसमधून किंवा रेल्वेच्या पार्सलमधून सायकल नेण्यासाठी चाक काढलं, तर पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा घाला. चाक नसताना लिव्हर दाबली गेली, तर पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क पुन्हा आत जात नाही.

ऑनलाइन मागवलेली सायकल घरी जोडली असेल, तर पुढचा कॅलिपर बघा. बसल्यावर तो तुमच्या डाव्या बाजूला, फोर्कच्या मागे दिसायला हवा. उजव्या बाजूला, पुढे आला असेल, तर फोर्क उलटा बसलाय. पुढच्या चाकाचा क्विक रिलीज घट्ट आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा.

नवे ब्रेक "बसवणं" म्हणजे काय?

नवे पॅड आणि डिस्क लावल्या लावल्या घाटात जाऊ नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घ्या, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगावर या, पूर्ण थांबू नका. असं वीसेक वेळा करा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो, पकड वाढते आणि आवाज कमी होतो.

आपल्याकडचं ऊन, धूळ आणि काळी माती

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात तासन् तास राहिली, की ग्रिप चिकट होतात, टायरचं रबर कडक पडतं. सावलीत ठेवा, एवढाच उपाय.

धूळ वायरच्या आवरणात शिरते आणि गिअर जड होतो. पावसाळ्यात रावेर-यावलच्या केळीच्या शेतांतून किंवा शिरपूरच्या शेतरस्त्यांवरून गेलात, तर काळी चिकट माती कॅलिपरमध्ये अडकते आणि पॅड भराभर झिजतात. साध्या पाण्याने माती उतरवा, प्रेशर पंपाचा झोत हबवर आणि कॅलिपरवर मारू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : चेनला तेल देताना डिस्कला एक थेंबही लागू देऊ नका. आवाज येतो म्हणून डिस्कवर तेलाचा स्प्रे मारला, की ब्रेक गेलाच समजा. पॅड तेल पितात आणि मग बहुतेक वेळा नवेच घ्यावे लागतात. रॉकेलने पुसणंही नको. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं वापरा. पॅडचा थर अर्धा मिलिमीटर उरला किंवा शिमानोची डिस्क १.५ मिलिमीटरपर्यंत झिजली, की बदला.

दुकानात जाण्याआधी

मागच्या चकत्या मोजा. शिफ्टर आणि लिव्हर एकाच तुकड्यात आहेत का बघा. हँडल, कॅलिपर, हब आणि डिरेलर यांचे जवळून फोटो काढा, त्यावरचे आकडे वाचता येतील असे. मग चार गोष्टी विचारा : हा पार्ट माझ्या सायकलला बसतो का, सोबत आणखी काय घ्यावं लागेल, मजुरी किती आणि बदल केल्यावर वॉरंटी राहते का? वॉरंटीचं उत्तर बिलावर लिहून घ्या. काढलेले जुने पार्ट परत मागा, तेही नवेच आहेत.

सायकल नवी आहे, घाई नाही. पहिला महिना ती आहे तशी चालवा, सर्व्हिस करून घ्या, वायर ताणा, पॅड बसू द्या. त्यानंतरही जे खुपतं, तेच बदला. आणि बदललेल्या ब्रेकवर पहिल्यांदा बाहेर पडाल, तेव्हा आधी मेहरूणला दोन फेऱ्या मारा. अजिंठ्याचा घाट पुढच्या रविवारीही तिथेच असेल.